सापडलेले बँक कार्ड : जमा करणाऱ्याने आणि स्वीकारणाऱ्याने काय करावे?

सणाचा दिवस सरतो, मांडव रिकामा होतो, सभागृह झाडताना खुर्चीखाली एखादी वस्तू सापडते आणि ती कार्यालयात आणून दिली जाते. छत्र्या, चष्मे, किल्ल्यांचे जुडगे, लहान मुलांच्या चपला असा ऐवज प्रत्येक कार्यालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे साठत आला आहे. अलीकडे त्यात बँकेच्या कार्डांची भर पडली आहे. चर्चचे कार्यालय असो, शाळा असो, दवाखाना, पतपेढी, किराणा दुकान की विवाह सभागृह असो, 'हे कार्ड बाहेर पडले होते' असे सांगून कोणीतरी ते टेबलावर ठेवते आणि निघून जाते. पुढे काय करायचे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

छत्री मालकाची वाट पाहत महिनाभर कोपऱ्यात उभी राहिली तरी कोणाचे नुकसान होत नाही. कार्डाची गोष्ट वेगळी आहे. ते टेबलाच्या खणात पडून असते तेव्हा त्याचा मालक कदाचित घरभर शोधाशोध करीत असतो, अथवा ते हरवले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. म्हणून या विषयाची व्यवस्थित माहिती एकत्र द्यावी, असे आम्हांला वाटले. प्रस्तुत लेखात कार्ड सापडलेली व्यक्ती, ते स्वीकारणारे कार्यालय आणि त्याचा मालक या तिघांच्या कर्तव्यांचा क्रमाने विचार केला आहे.

कार्ड कोणाचे?

भारतातील पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत सुरू झाले. त्या काळी कार्ड ही मोजक्या लोकांची चैन होती. २०१२ साली 'रुपे' ही देशी कार्ड व्यवस्था आली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाल्यावर कार्ड मोलकरणीच्या, मच्छीमाराच्या आणि वाडीत राबणाऱ्या शेतकऱ्याच्याही हाती पोहोचले. त्यामुळे आज सापडलेले कार्ड एखाद्या श्रीमंताचेच असेल असे मुळीच नाही. ते विधवा आजीच्या निवृत्तिवेतनाचे किंवा विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचे असू शकते. दोन हजार रुपये गेले तर ज्या घरी महिन्याचे किराणा सामान अडेल, अशा घरचेही ते असू शकते.

खात्यातील पैसा खातेदाराचा असला तरी प्लास्टिकचे ते कार्ड बँकेच्या मालकीचे असते. बहुतेक कार्डांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते आणि कार्ड सापडल्यास ते बँकेच्या शाखेत परत करावे अशी विनंतीही असते. म्हणून सापडलेले कार्ड बँकेकडे पोहोचवणे हा केव्हाही योग्य मार्ग ठरतो. मालक ओळखीचा असेल आणि लगेच भेटणार असेल तर गोष्ट वेगळी. तो सापडत नसेल तर त्याच्यासाठी दारोदार फिरण्याची गरज नाही.

धोका नेमका कोणता?

'पिन माहीत नसेल तर कार्डाचा काय उपयोग?' असा प्रश्न अनेक जण विचारतात. हा समज अपुरा आहे. एटीएममधून पैसे काढायला पिन लागतो हे खरे. मात्र कार्डावर आडव्या लहरींसारखी चार वक्र रेषांची खूण असेल आणि ती सोय चालू असेल तर दुकानातील यंत्राला कार्ड नुसते टेकवून पैसे देता येतात. १ जानेवारी २०२१ पासून अशा व्यवहाराची पिनविरहित मर्यादा दर व्यवहारामागे ५,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे असे कार्ड चोराच्या हाती पडले तर काही काळ ते रोख रकमेसारखेच वापरता येते.

दुसरा धोका कार्डावरील अंकांचा. कार्डाचा संपूर्ण क्रमांक, मुदत संपण्याचा महिना व वर्ष आणि पाठीवरचे सीव्हीव्ही नावाचे तीन अंक एवढी माहिती कोणी टिपून घेतली, तर कार्ड परत मिळाल्यावरही तिचा गैरवापर होऊ शकतो. भारतातील ऑनलाइन खरेदीसाठी ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते. परदेशातील काही संकेतस्थळांवर मात्र तिच्याशिवायही व्यवहार झाल्याचे अनुभव आहेत.

तिसरा धोका आपल्या सवयींतून आला आहे. विसरू नये म्हणून पिन कार्डाच्या कागदी पाकिटावर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर लिहून ठेवणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत. पाकिटासह सापडलेले कार्ड हे म्हणूनच कुलूप आणि किल्ली एकत्र सापडल्यासारखे असते.

रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने एक चांगली सोय केली. नवे कार्ड प्रथम फक्त देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांवरच चालावे आणि ऑनलाइन, परदेशी व टेकवून करायचे व्यवहार कार्डधारकाने स्वतः मागितल्यावरच सुरू व्हावेत, असे त्यात ठरवण्यात आले. तसेच या सोयी चोवीस तास केव्हाही चालू-बंद करण्याची मुभा कार्डधारकाला मिळाली. ज्यांनी या सोयी गरजेपुरत्याच चालू ठेवल्या आहेत, त्यांचे कार्ड हरवल्यास हानीची शक्यता बरीच कमी होते.

कार्ड सापडलेल्या व्यक्तीने काय करावे?

कार्ड उचलल्यावर प्रथम आजूबाजूला पाहावे. मालक पाच-दहा पावलांवर असण्याची शक्यता असते. तो दिसला नाही तर कार्ड जेथे सापडले त्या जागेच्या जबाबदार माणसाकडे द्यावे. दुकानात सापडले तर गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे, शाळेत सापडले तर मुख्याध्यापकांच्या कार्यालयात, बँकेच्या आवारात सापडले तर शाखाधिकाऱ्यांकडे. हरवणारा माणूस शोधायला प्रथम तेथेच परततो. रस्त्यावर सापडलेले कार्ड त्या बँकेच्या जवळच्या कोणत्याही शाखेत अथवा पोलिस ठाण्यात द्यावे. देताना आपले नाव सांगण्यास संकोच करू नये आणि शक्य असल्यास पोच घ्यावी. उद्या त्या खात्यात काही घोटाळा निघाला तर ही पोच आपल्याच उपयोगी पडते.

काही गोष्टी सद्हेतूने केल्या जातात, परंतु त्यांतून नुकसानच होते. त्यांतील मोठी चूक म्हणजे कार्डाचे छायाचित्र काढून व्हॉट्सअॅपच्या गटांवर पाठवणे. 'कोणाचे आहे ते कळवा, पुढे पाठवा' असा संदेश तासाभरात शेकडो अनोळखी लोकांपर्यंत जातो आणि त्यासोबत कार्डाचा क्रमांक व मुदतही जाते. मालक सापडतो, पण तोवर त्याची माहिती जगजाहीर झालेली असते. संदेश पाठवायचाच असेल तर तो असा असावा : 'अमुक दिवशी अमुक ठिकाणी एका बँकेचे कार्ड सापडले आहे. ज्यांचे असेल त्यांनी ओळखपत्रासह कार्यालयात यावे.' बँकेचे नाव आणि कार्डावरील नाव त्यात लिहू नये. ती माहिती मालकानेच येऊन सांगायची आहे.

दुसरी चूक म्हणजे इंटरनेटवर बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधून दिसेल त्या पहिल्या क्रमांकावर फोन करणे. बँकांच्या नावाने बनावट क्रमांक पसरवणाऱ्या टोळ्या आहेत. कार्डाच्या पाठीमागे छापलेला क्रमांक किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकच वापरावा. तिसरी चूक म्हणजे 'चालते का पाहू' म्हणून कार्ड यंत्रात घालणे. हा प्रयोग गमतीनेही करू नये. चुकीचा पिन काही वेळा दिल्यास कार्ड अडते आणि कॅमेऱ्यात चेहरा आपला येतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर, विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्यावर असते तीच जबाबदारी येते. सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी त्याने त्या वस्तूची घेतली पाहिजे. वस्तू उचललीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण एकदा उचलल्यावर ती वाऱ्यावर सोडता येत नाही.

वस्तू सापडणे हा गुन्हा नाही. मात्र मालक माहीत असताना, किंवा थोड्या प्रयत्नाने कळण्यासारखा असताना, ती अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणणे हा गुन्हा आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१४ मध्ये आहे. जुन्या कायद्यातील एक उदाहरण येथे चपखल बसते. वाटेत पडलेला एक रुपया, जो कोणाचा हे ठाऊक नाही, तो उचलणारा गुन्हेगार ठरत नाही. पण पत्रासोबत नोट सापडली आणि पत्रावरून मालक कळत असूनही ती नोट स्वतःकडे ठेवली तर तो गुन्हा होतो. बँक कार्डावर तर बहुधा मालकाचे नाव असते आणि बँकेचे नाव असतेच. तेव्हा 'कोणाचे ते कळले नाही' ही सबब टिकणारी नाही. कार्ड किंवा पिन लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क (इंग्रजी क्रमाप्रमाणे ६६-सी) लागू शकते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कार्यालयाने कोणती पद्धत ठेवावी?

आमच्या मते प्रत्येक संस्थेने या कामासाठी एक व्यक्ती नेमावी आणि एक साधी नोंदवही ठेवावी. 'खणात ठेवले होते, कोणी नेले ठाऊक नाही' हे उत्तर कोणत्याही संस्थेला शोभणारे नाही. शिवाय संशयाचे बोट बिचाऱ्या शिपायाकडे किंवा सफाई कामगाराकडेच वळते. नोंदवही ही त्या प्रामाणिक माणसाची ढाल आहे.

नोंदवहीत पुढील गोष्टी लिहाव्यात :

१. कार्ड मिळाल्याची तारीख व वेळ, तसेच ते सापडलेली जागा.
२. आणून देणाऱ्याचे नाव व सही.
३. बँकेचे नाव, कार्डावरील नाव आणि क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक.
४. कार्ड कोणाकडे सुपूर्द केले, केव्हा केले आणि घेणाऱ्याची सही.

संपूर्ण क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही कोठेही लिहू नये. कार्डाची झेरॉक्स काढू नये. सोबत पिन लिहिलेली चिठ्ठी असेल तर ती वाचून दाखवू नये आणि तिची नोंदही करू नये. कार्ड लिफाफ्यात घालून तो चिकटवावा, त्यावर नोंदीचा क्रमांक टाकावा आणि लिफाफा कुलूपबंद कपाटात ठेवावा.

कार्ड किती दिवस ठेवावे? आमचे स्पष्ट मत आहे की त्याच दिवशी, फार तर बँकेच्या पुढील कामकाजाच्या दिवसापर्यंत. त्या अवधीत मालक आला नाही तर लिफाफा संबंधित बँकेच्या शाखेत द्यावा आणि नोंदवहीत पोच घ्यावी. त्या बँकेची शाखा जवळपास नसेल तर कार्डावरील क्रमांकावर फोन करून ते सापडल्याचे कळवावे व बँक सांगेल तसे करावे. बँक आपल्याला खातेदाराचा फोन नंबर देणार नाही. तसा आग्रह धरू नये, कारण खातेदाराची गोपनीयता राखणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. त्याऐवजी 'आपण त्यांना कळवावे' अशी विनंती करावी.

बँकेने कार्ड नष्ट करण्यास सांगितले तर ते दोघांच्या समक्ष करावे. कात्री सोनेरी चिपमधून, मागच्या काळ्या पट्टीतून आणि अंकांमधून फिरली पाहिजे. तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी टाकावेत आणि नोंदवहीत दोघांनी सही करावी. बँकेशी बोलल्याशिवाय स्वतःच्या मनाने कार्ड कापू नये.

मालक येतो तेव्हा

'माझे कार्ड येथे आले आहे का?' असे विचारत कोणी आले तर कार्ड लगेच समोर धरू नये. कोणत्या बँकेचे, कोणाच्या नावाचे, केव्हा हरवले, हे प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकावे. मग छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे. शेवटचे चार अंक बँकेच्या संदेशात किंवा एटीएमच्या पावतीवर सापडू शकतात. वयोवृद्धांना ते सांगता येतीलच असे नाही. त्यांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारून लाजवू नये. ओळखपत्रावरील नाव जुळले आणि माणूस परिचयाचा असला तरी पुरेसे आहे. शंका उरली तर 'कार्ड आम्ही बँकेत देतो, आपण तेथून घ्या' असे नम्रपणे सांगावे. पिन मात्र कोणालाही, कोणत्याही कारणासाठी विचारू नये.

मुलगा वडिलांचे किंवा पती पत्नीचे कार्ड मागायला आला तर? नाते खरे असले तरी कार्ड ज्याच्या नावाचे त्यालाच द्यावे, अथवा त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून खात्री करून घ्यावी. घराघरांत पैशांवरून कलह असतात. आपल्या भिडस्तपणामुळे एखाद्या वृद्ध मातेची पुंजी दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, एवढी दक्षता हवी.

मालकाने काय करावे?

कार्ड हरवल्याचे लक्षात येताच आधी ते बंद करावे, शोध नंतर घ्यावा. बँकेच्या मोबाईल ॲपमध्ये कार्ड तात्पुरते थांबवण्याची सोय बहुधा असते. कार्ड घरातच कोठेतरी असेल अशी आशा असेल तर निदान एवढे तरी तत्काळ करावे. सापडत नसेल तर ते कायमचे बंद करून नवीन मागवावे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत, कार्डधारकाने कळवताच बँकेने हरवलेले कार्ड त्वरित बंद करावे, बाकीचे सोपस्कार नंतर व्हावेत, असे म्हटले आहे. म्हणून 'आधी पोलिस तक्रार आणा' असे कोणी सांगितले तरी कार्ड बंद करण्याचा आग्रह सोडू नये.

कार्ड बंद केल्याने खाते बंद होत नाही. पासबुक किंवा चेक घेऊन शाखेतून पैसे काढता येतात आणि आधी सुरू केलेले यूपीआय व्यवहारही सामान्यतः चालू राहतात. नव्या कार्डासाठी बँक काही शुल्क घेऊ शकते, पण ते वाचवण्यासाठी धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. कार्ड अनेक तास अनोळखी हाती राहिले असेल तर ते परत मिळाल्यावरही बदलून घेणे श्रेयस्कर, कारण अंक टिपले गेले की नाहीत हे कार्डाकडे पाहून कळत नाही.

पैसे गेलेच तर वेळेला फार महत्त्व आहे. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या जबाबदारीचे नियम घालून दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच नियम आले. त्यांचा गाभा असा : दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कोणाचा असेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याला झळ बसू नये. उशीर होत गेला तशी ग्राहकाची जबाबदारी वाढत जाते. पिन दुसऱ्याला सांगण्यासारखी ग्राहकाची स्वतःची हयगय असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. रकमांच्या मर्यादा खात्याच्या प्रकारानुसार ठरतात व नियमही वेळोवेळी बदलतात. त्यामुळे आपल्या बँकेचे सध्याचे धोरण शाखेत विचारून घ्यावे. यासोबतच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

काही विशेष प्रसंग

एटीएमजवळ : यंत्रात विसरलेले कार्ड दिसले तर ते तेथील रखवालदाराकडे नुसते सोपवण्यापेक्षा लगतच्या शाखेत देणे चांगले. येथे एका फसवणुकीची आठवण ठेवावी. 'आजोबा, मी मदत करतो' म्हणत कार्ड हाती घेणारा भामटा परत देताना त्याच रंगाचे दुसरेच कार्ड देतो. यंत्रापासून निघण्यापूर्वी कार्डावरील नाव वाचावे. दुसऱ्याचे नाव असलेले कार्ड आपल्या पाकिटात आढळले तर ते फेकू नये. आपले कार्ड तत्क्षणी बंद करावे आणि हाती आलेले कार्ड बँकेत किंवा पोलिसांकडे द्यावे, कारण तेही अशाच एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकते.

रेल्वेत : गाडीत किंवा फलाटावर सापडलेले कार्ड स्टेशनमास्तर अथवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाकडे द्यावे. हरवलेले सामान प्रवाशांना परत करण्याचे काम हे दल 'ऑपरेशन अमानत' या नावाने करते. हरवणाऱ्याने १३९ या रेल्वे क्रमांकावर संपर्क साधावा.

परदेशी बँकेचे कार्ड : आखाती देशांत किंवा अन्यत्र नोकरी करणारे आपले बांधव सुट्टीत घरी येतात तेव्हा अशी कार्डे सापडतात. येथे त्या बँकेची शाखा नसते. अशा वेळी कार्डाच्या पाठीवरील आंतरराष्ट्रीय क्रमांकावर कळवावे व कार्ड पोलिस ठाण्यात जमा करावे.

दिवंगत व्यक्तीचे कार्ड : कपाट आवरताना आई-वडिलांचे कार्ड सापडते आणि पिनही घरच्यांना माहीत असतो. अंत्यविधीच्या खर्चासाठी का होईना, त्या कार्डाने पैसे काढू नयेत. खातेदाराच्या निधनानंतर कार्ड वापरण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही आणि पुढे भावंडांत त्यावरून कटुता येते. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेला कळवावे, कार्ड परत करावे आणि नामनिर्देशित व्यक्तीने रीतसर रक्कम मागावी. जनधन खात्याच्या रुपे कार्डासोबत अपघात विम्याचे संरक्षण असते. मृत्यू अपघाती असेल तर त्याच्या अटींविषयीही शाखेत अवश्य विचारावे.

शेवटी

कार्ड परत करणाऱ्याला बक्षीस मिळतेच असे नाही. पुष्कळदा मालक कोण होता हेही त्याला कळत नाही. कार्ड बँकेत जाते, बंद होते, नवे येते आणि गोष्ट तेथेच संपते. तरीही कोणाच्या तरी घरचे महिन्याचे सामान, औषधाची बाटली किंवा मुलाची फी वाचलेली असते.

वाचकहो, आपल्या संस्थेच्या कार्यालयात आज एक नोंदवही आणि काही लिफाफे ठेवावेत, ही आमची विनंती. आणि घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या कार्डाचे पाकीट एकदा उघडून पाहावे. त्यावर पिन लिहिलेला असेल तर त्यांना न रागावता तो खोडून टाकावा, नवा पिन ठरवण्यास मदत करावी आणि कार्ड बंद करण्याचा बँकेचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये व भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.